तुळजाबाईच्या विहिरीतला हिरवा रंग

नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या अंगाला विणकर कोष्ट्यांची वस्ती होती. तिथं पत्ता विचारला की लोक घरमालकाचं नाव सांगत नसत. "गोड्या विहिरीच्या पाठीमागं जा" किंवा "गोड्या विहिरीसमोरचं दार" असं सांगत. ही गोडी विहीर तुळजाबाईच्या अंगणात होती. तिचे सासरे रामाजी यांनी ती खणली तेव्हा वर मुरूम आणि खाली काळा खडक लागला होता. लोक म्हणाले, सोडून द्या आता. रामाजींनी सुरुंग लावला आणि खडकाच्या एका फटीतून बोटाएवढी धार सुरू झाली. ती धार पुढं कधी आटली नाही.

त्या पाण्यात तुरीची डाळ एका उकळीत शिजायची. ताण्याच्या उभ्या सुताला पाजण करायला पिठाची खळ लावली की सूत रेशमासारखं सुटं राहायचं. रंगाऱ्यांना तर तेच पाणी लागे. तुळजाबाई उमरेडहून लग्न होऊन आली तेव्हा नऊवारी सावरत पहिल्यांदा या विहिरीवर वाकली होती. तिची ओटी जाऊबाईंनी नाही, विहिरीनंच भरली असं ती पुढं हसून सांगे. नवरा नानाजी मागावर बसून बसून छातीच्या आजारानं गेला. पदरी एकुलता एक मुलगा श्रावण. तुळजाबाईनं कांड्यांवर सूत भरलं, ताणे केले, दुसऱ्यांच्या लुगड्यांचे काठ विणून दिले आणि पोराला वाढवलं. तिच्याजवळ दागिना नव्हता, शेत नव्हतं. पण सकाळी दार उघडलं की अंगणात बायांची रांग असायची, आणि त्या सगळ्या जणी तिला आधी "मावशी" म्हणून हाक मारूनच दोर सोडायच्या.

सुरुवातीला ती आलेल्या बाईची जात विचारायची. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत होती. मग एका उन्हाळ्यात सगळ्या वस्तीतल्या विहिरी तळाला गेल्या. पलीकडच्या मोहल्ल्यातली एक बाई तापलेलं पोर कडेवर घेऊन दारात नुसती उभी राहिली. तुळजाबाईनं तिच्या हातात दोर दिला. त्या दिवसानंतर तिनं विचारणं सोडलं. काही जणींनी तोंडं वाकडी केली, आठवडाभर दुसरीकडं गेल्या आणि परत आल्या. दुसरीकडं पाणी कुठं होतं?

श्रावणचं लग्न झालं. सून प्रेमिला तुळजाबाईच्याच माहेरगावची, उमरेडची. हसरी, पण जरा लाजरी. वस्तीतल्या बाया पहाटे झाकट असताना नाल्याकडं जात, तसं तिला जमेना. दिवसचे दिवस पोट धरून बसायची. त्याच सुमारास आरोग्याचं काम करणारी माणसं वस्तीत आली होती. जमिनीत खोल गिरमिटानं भोक पाडायचं, वर सिमेंटचं भांडं बसवायचं, मेहतराची गरज नाही, माशा नाहीत, घाण नाही, असा संडास ते बांधून देत होते. वस्तीत कोणी तयार होईना. घराजवळ संडास म्हणजे काय, म्हणून लोक नाकाला पदर लावत. तुळजाबाई म्हणाली, "माह्या सुनेसाठी बांधा." चुलीपासून आणि देवघरापासून लांब म्हणून तिनं स्वतःच अंगणाचा मागचा कोपरा दाखवला. विहीर पुढच्या अंगाला होती, उतारही मागंच होता. सगळ्यांत आधी संडास बांधला तो तुळजाबाईनं, आणि आरोग्याच्या माणसांनी चारचौघांत तिचं कौतुक केलं.

विहिरीची काळजी तिला दुसऱ्याच बाजूनं वाटत होती. शेजारी चंपतराव राहायचे. पारशिवनीकडचे शेतकरी, जमीन भावाकडं ठेवून शहरात आलेले, म्हशी पाळून दुधाचा धंदा करणारे. त्यांचा गोठा विहिरीच्या अगदी कडेला, मध्ये नुसती मातीची भिंत. गोठ्याचं मूत आणि शेण एका खड्ड्यात जायचं.

"चंपतराव, तुमच्या म्हशीचं मूत माह्या विहिरीत मुरून राहिलं गा," ती म्हणायची.

"वहिनी, गाईम्हशीचं मूत पवित्र असते," ते म्हणायचे. "अन् तुमच्या विहिरीले कधी वास आला का?"

वास नव्हता. चवही नव्हती. त्यामुळं भांडण पुढं सरकत नसे.

एव्हाना वस्तीच्या तोंडाशी नळ आला होता. नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, आणि उन्हाळ्यात ते कधी यायचं, कधी नुसतंच फुसफुसायचं. लोक नळाच्या पाण्यानं कपडे धूत आणि प्यायला गोड्या विहिरीवर येत. तुळजाबाईला यात आपली मोठीच जीत वाटायची. प्रेमिलाला दिवस राहिले तेव्हा सासूनं तिला बजावलं, "नळाच्या पान्याले तोंडबी लावू नको वं. ते गरम पडते. पोराले बाधते. आपल्या विहिरीचंच पेत जाय." ती स्वतः रोज पहाटे तिच्यासाठी वेगळा गुंड, म्हणजे पाण्याचा घडा, भरून, फडक्यानं गाळून ठेवायची.

एकोणसाठ सालचा पाऊस लांबला. पोळा होऊन गेला तरी आभाळ उघडत नव्हतं. मग वस्तीत कावीळ आली. आधी रंगाऱ्याच्या घरी, मग चंपतरावांच्या गड्याला, मग इकडं तिकडं. मोठी माणसं पिवळी पडली, उसाचा रस प्याली, बरी झाली. प्रेमिलाला सातवा महिना होता. तिचे डोळे हळदीसारखे झाले तेव्हा तुळजाबाईनं गळ्यात काविळीची माळ घातली. दोन दिवसांत प्रेमिला बरळू लागली. श्रावणनं तिला सायकल-रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. प्रेमिला वाचली. मूल मेलेलं जन्मलं. मुलगी होती.

डॉक्टरांनी श्रावणला विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

श्रावण म्हणाला, "विहिरीचं. चांगलं हाय साहेब, सारी वस्ती पेते."

डॉक्टरांनी पत्ता विचारून घेतला.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच दोघं जण विहीर बघायला आले. नागपुरात तेव्हा पाण्यावर आणि सांडपाण्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था नवीनच निघाली होती. तिथून आलेली मुलगी तिशीच्या आतली होती. पांढरं पातळ, हातात लाकडी पेटी. नाव चारुशीला. तिच्यासोबत मदतीला एक माणूस होता. चारुशीलानं विहिरीत स्वतःची, उकळून आणलेली बाटली सोडली. काठावरच्या बालटीला हातही लावला नाही.

"काहून, आमची बालटी विटाळली का?" तुळजाबाईनं विचारलं.

"नाही हो बाई. बालटीला आपल्या हातांचे जंतू असतात. मला विहिरीचेच हवेत."

"विहिरीले जंतू नाहीत."

"नसतील तर फार चांगलं," चारुशीला म्हणाली, आणि खरंच तिला तसं वाटत असावं असा तिचा चेहरा होता.

ती पुन्हा आली ती मान खाली घालून. पाणी खराब होतं. माणसाच्या किंवा जनावराच्या पोटातली घाण त्यात मिसळत होती. तुळजाबाईनं विहिरीतून पाणी काढलं, काचेच्या गिलासात ओतलं आणि उन्हात धरलं. आरपार दिसत होतं.

"कोठं हाय घाण? दाखवा."

"डोळ्यांना दिसत नाही ती."

"नाकाले?"

"नाकालाही नाही."

"मंग तुमाले कशी दिसली?"

चारुशीलानं सांगायचा प्रयत्न केला. पाणी गोड रसात घालून उबेत ठेवतात, त्यात जंतू असले की रस आंबतो, बुडबुडे येतात. तुळजाबाईला आंबणं समजलं. खळही आंबते. पण ज्या पाण्यात केलेली खळ दोन दिवस टिकते, ते पाणी आंबतं कसं, हे समजलं नाही. तिनं तेवढंच धरलं, जे तिला आधीपासून माहीत होतं. ती भिंतीकडं वळून ओरडली, "चंपतराव! आयकलं का? तुमच्या म्हशी!"

विहिरीत जंतू मारायची पांढरी पूड टाकली गेली. पाण्याला नळासारखाच वास आला. बाया नाक मुरडून परत गेल्या. पुढच्या खेपेला चारुशीलानं सांगितलं, पाणी आता चांगलं आहे. तुळजाबाईनं सगळ्या वस्तीत फिरून सांगितलं. त्यापुढच्या खेपेला ती म्हणाली, पुन्हा खराब आहे. मग एकदा चांगलं निघालं, तेही पूड न टाकता. तुळजाबाईला काही कळेनासं झालं. विहीर तीच, झरा तोच, आणि पाणी एखाद्या लहरी माणसासारखं कधी बरं कधी वाईट. पूर्वी तिला पाण्याचं सगळं कळायचं, निदान तसं वाटायचं. आता घोट घेताना ती थांबू लागली. तोंडात पाणी धरून ठेवायची, जिभेवर घोळवायची आणि शेवटी गिळायची, कारण थुंकावं असं त्यात काही सापडत नसे.

"एकदा खराब, एकदा चांगलं. तुमचंच काई चुकून राहिलं असन," ती चारुशीलाला म्हणाली.

"असू शकतं," चारुशीला म्हणाली. "म्हणूनच पुन्हा पुन्हा यावं लागतं."

या उत्तरानं तुळजाबाई जास्तच गोंधळली. शिकलेल्या माणसानं आपलं चुकतं म्हणून सांगितलेलं तिनं आजवर ऐकलं नव्हतं. असं म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही?

शेवटी चारुशीलानं एक प्रयोग सुचवला. घाण कुठून येते ते बघायचं तर शंका येईल त्या खड्ड्यात रंग टाकायचा आणि विहिरीत उतरतो का ते बघत राहायचं. जमीन अजून ओली होती, तेव्हाच हे करायला हवं होतं. तुळजाबाईला रंगाचं पटलं. रंग म्हणजे तिच्या घरातला विषय. "पहिले चंपतरावाच्या खड्ड्यात टाका," ती म्हणाली.

चंपतराव कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या गड्याला कावीळ झाली होती, तेही मनातून घाबरले होते. तपकिरी पूड पाण्यात कालवली आणि ती झगझगीत पोपटी झाली. उन्हात तर जणू पेटली. तसा रंग तुळजाबाईनं कोणत्याच काठात पाहिला नव्हता. तो घडाभर रंग गोठ्याच्या खड्ड्यात ओतला. आठवडाभर ती विहिरीच्या कडेला कांड्या भरत बसली. मधून मधून वाकून बघायची. वस्तीतली पोरंटोरं आणि म्हातारेही येऊन वाकून जात. पाणी जसं होतं तसंच राहिलं. चारुशीलानं बाटल्या नेऊन खास दिव्याखाली पाहिल्या. रंगाचा मागमूस नव्हता.

"बघा वहिनी," चंपतराव म्हणाले, "मी काय म्हनत होतो!"

तुळजाबाई भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. भिंतीला लागून असलेला खड्डा, हाताच्या अंतरावरची विहीर, आणि काहीच आलं नाही. मग येतं तरी कुठून?

चारुशीला अंगणभर फिरली. मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"इथंही टाकून बघू या," ती म्हणाली.

"संडासात?" तुळजाबाईला हसूच आलं. "पोरी, तो पार त्या टोकाले हाय. उतार तिकडे हाय. पानी काय चढावर चालते?"

"नाही चालत. तरी बघू."

रंग टाकला त्याला दोन-तीन दिवस झाले होते. तुळजाबाई सकाळी नेहमीसारखी विहिरीवर गेली, बालटी सोडली, वर ओढली. बालटीतलं पाणी किंचित पोपटी होतं. तिला वाटलं, झाडाची सावली असेल. तिनं बालटी उन्हात ठेवली. पाणी कडेनं चमकू लागलं, जसा मोराच्या पिसाचा रंग हलतो तसं. तिनं ते ओतून दिलं आणि दुसरी बालटी काढली. तीही तशीच.

तिनं पहिली हाक श्रावणला मारली. "श्रावण! तू सूत रंगवलं का रे? हिरवा रंग सांडवला का?"

श्रावण मागावरून उठून आला. "मी काल लाल काठ विनून राहिलो होतो, माय. हिरवा महिन्यात केला नाही."

"शेजारचा रंगारी?"

"तो पिवळा करते."

तरी ती रंगाऱ्याच्या घरी जाऊन आली. त्याचे टोप उघडून बघितले. हळदीचा पिवळा होता. ती परत आली तेव्हा चारुशीला विहिरीजवळ उभी होती. तिनं बाटलीत पाणी भरलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. तिनं तुळजाबाईला आपल्यासोबत संस्थेत चलायला सांगितलं.

तुळजाबाई आयुष्यात पहिल्यांदा अशा जागी गेली. लांब टेबलं, काचेच्या नळ्या, कोपऱ्यात वाळूनं भरलेले उंच पिंप, त्यातून टपटप पडणारं पाणी. एका खोलीत काळे पडदे लावून दिवा पेटवला होता. त्याचा उजेड जांभळट आणि अगदी मंद. चारुशीलानं दोन बाटल्या दिव्याखाली धरल्या. एकीत घरून आणलेल्या श्रावणच्या हिरव्या रंगाचं पाणी होतं, ते काळपट दिसलं. दुसरीत विहिरीचं. ते काजव्यासारखं उजळलं.

"हा आमचा रंग," चारुशीला हळूच म्हणाली. "संडासात टाकलेला."

तुळजाबाई किती तरी वेळ त्या बाटलीकडं बघत राहिली. तिला ती सुंदर वाटली, आणि तिला सुंदर वाटली म्हणून तिची तिलाच किळस आली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "पानी चढावर चाललं कसं?"

"वर जमिनीला उतार मागं आहे. खाली खडकाचा उतार कुठं आहे ते आपल्याला दिसत नाही. खडकात भेगा असतात. एखादी भेग त्या कोपऱ्यातून थेट तुमच्या झऱ्यापर्यंत आली असेल. गोठ्याच्या खाली तशी भेग नसेल. किंवा तिथली माती चिकण असेल. मला नक्की माहीत नाही."

"आरोग्याचे लोक म्हनले, संडास बांधा. मी बांधला. मी चांगलं केलं का वाईट?"

"चांगलंच केलं. फक्त त्या जागी नको होता, इतका खोल नको होता. तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही हेच शोधतो आहोत, कोणत्या जमिनीत किती लांब असायला हवा ते."

तुळजाबाई पायरीवर बसली. जे विचारायचं होतं ते तिनं इतके दिवस विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"बाई, माह्या नातीले माह्या पान्यानं मारलं का?"

चारुशीला तिच्याशेजारी पायरीवर बसली. पांढऱ्या पातळाला धूळ लागली तरी तिनं पाहिलं नाही.

"मला सांगता येत नाही, तुळजाबाई."

"काहून सांगता येत नाही? पान्यात घाण होती म्हनता ना?"

"घाण होती. पण कावीळ ज्यानं होते ते आम्हाला दिसत नाही. आमच्या सगळ्यात मोठ्या काचेतूनही नाही. घाण असली म्हणजे ते असू शकतं, एवढंच. पावसात नळाचं पाणीही खराब झालं होतं. नळात जोर नसला की नळी बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढते. नळाचं पाणी पिणारी माणसंही पिवळी झाली. तुमच्या सुनेला कुठल्या पाण्यानं झालं, हे कोणालाच सांगता येणार नाही."

"पन ती तं नळाचं पेतच नव्हती. मीच पेऊ देत नव्हती."



तुळजाबाईला राग यायला हवा होता. पण तो कोणावर काढावा हे तिला समजेना. चंपतरावावर? त्यांचा खड्डा निर्दोष निघाला. आरोग्याच्या माणसांवर? त्यांनी प्रेमिलाची लाज राखली. या पोरीवर? तिनं खरं सांगितलं. विहिरीवर? विहिरीवर कोणी रागावतं का? ती चालत घरी आली. वाटेत सीताबर्डीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली. आपण इथं कशासाठी थांबलो ते तिला आठवेना, म्हणून पुन्हा चालू लागली.

घरी वेगळाच वाद उभा राहिला. श्रावण म्हणाला, संडास बुजवून टाकू, विहीर वाचवू, आजोबाची हाय. वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तुळजाबाईलाही तेच योग्य वाटलं. चंपतरावांनी तर फावडं द्यायची तयारी दाखवली.

प्रेमिला आतापर्यंत कोपऱ्यात कांड्या भरत बसली होती. मूल गेल्यापासून ती फारसं बोलत नव्हती. ती उठून उभी राहिली.

"संडास बुजवू नका," ती म्हणाली.

"मंग विहीर बुजवाची का?" श्रावण चिडून म्हणाला.

"मले माहीत नाही. पन मी पुन्हा नाल्यावर जानार नाही. पुन्हा दिवस राहिले तं अंधारात, चिखलात, मी जानार नाही. तुमी बायकांच्या जागी राहून पाहा एकदा." तिनं डोळे खाली केले नाहीत. "पान्याचं काई तरी करता येते. उकळता येते. याचं काई करता येत नाही."

श्रावणनं आईकडं बघितलं. म्हाताऱ्यांनी तुळजाबाईकडं बघितलं. आता ती काय बोलते याची सगळे वाट बघत होते. विहीर तिची इज्जत होती. पण संडासही तिनंच मागून घेतला होता, याच पोरीसाठी.

"तिचं राहू द्या," ती शेवटी म्हणाली. आपल्या तोंडून असं काही निघेल हे तिला बोलल्यावरच कळलं.

चारुशीलानं मार्ग काढला. जुनं भोक माती ठोकून बंद केलं. उथळ, विटांचा पक्का खड्डा घराच्या दुसऱ्या बाजूला, विहिरीपासून आणखी लांब बांधला. विहिरीला सिमेंटचा कठडा झाला. तपासणीत सलग चांगलं निघेपर्यंत विहिरीचं पाणी पिऊ नये, फक्त सुताला आणि धुण्याला वापरावं, असं ठरलं. बायांची रांग नळावर गेली. सकाळी अंगण इतकं मोकळं असायचं की तुळजाबाई झाडून झाल्यावरही केरसुणी हातात धरून उभी राहायची.

एक दिवस ती आणि प्रेमिला उन्हात ताणा साफ करत होत्या. तुळजाबाईच्या हातातला धागा तुटला. तो जोडता जोडता ती म्हणाली, "प्रेमिला, मले माफ कर वं. म्या तुले ते पानी पाजलं. जबरदस्तीनं."

प्रेमिलानं धाग्याचं दुसरं टोक धरलं. मग म्हणाली, "सासूबाई, मी नळाचंबी पिली होती."

"काय?"

"तिकडे उमरेडच्या बाया भेटत होत्या ना नळावर. कपडे धुवाच्या निमित्तानं जात होती मी. उन्हात तहान लागे. ओंजळीनं पेत होती. तुमाले सांगतलं नाही, तुमी रागावल्या असत्या."

तुळजाबाई तिच्याकडं बघत राहिली. "किती खेपा?"

"आता काय सांगू? पिली होती."

खरं बोलत होती का? की सासूचं ओझं उतरावं म्हणून बोलत होती? प्रेमिलाचा चेहरा नेहमीसारखा होता, डोळे धाग्यावर. ती लाजरी होती, पण खोटं बोलणारी नव्हती. पण मायाळूही होती. तुळजाबाईला आधी हलकं वाटलं. मग वाटलं, हे खरं असेल तर आपण उगाच इतके दिवस जळत राहिलो. खोटं असेल तर या पोरीनं पोरगी गमावून वर मलाच धीर दिला. त्यातलं कोणतं धरावं हे तिला ठरवता येईना. तिनं गाठ मारली आणि ताणा पुढं सरकवला.

पुढच्या वेळी चारुशीला आली तेव्हा तुळजाबाईनं तिला नळाचंही पाणी तपासायला सांगितलं. ते चांगलं निघालं. "या वेळी," चारुशीला म्हणाली. तुळजाबाईला आता तिचं हे 'या वेळी' ऐकायची सवय झाली होती.

संस्थेनं विहीर बघण्यासाठी उघडी ठेवायची विनंती केली. कोणत्या खडकातून घाण किती लांब जाते हे वर्षभर तपासायचं होतं. श्रावणला ते नको होतं, रोज रोज कोणी तरी यावं आणि आपल्या विहिरीची अब्रू काढावी. तुळजाबाई म्हणाली, "येऊ दे. आपन फसलो, दुसरा कोनी फसला नाही पाहिजे." चारुशीलाला ती घरात बोलावून चहा देई. चहा नळाच्या पाण्याचा आणि चांगला उकळलेला, हे ती दर खेपेला आवर्जून सांगे आणि दोघी हसत.

साठ सालचा उन्हाळा कडक निघाला. प्रेमिलाला पुन्हा दिवस गेले होते. नळ दिवसातून थोडा वेळ धावे आणि मग नुसता घरघरे. विहिरीचं पाणी तीन महिने सलग चांगलं निघालं होतं. वस्तीतल्या बाया एकेक करून अंगणात डोकावू लागल्या. एक दिवस भरदुपारी रंगाऱ्याची बायको गुंड घेऊन दारात उभी राहिली, आणि तिच्या मागं आणखी तिघी-चौघी.

"मावशी, पानी घेऊ का? पेवाले पाहिजे."

तुळजाबाई ओसरीवरून उठली. मागच्याच आठवड्यात तिनं चारुशीलाला विचारलं होतं, आता लोकांना देऊ का? चारुशीला म्हणाली होती, "आजपर्यंतचं चांगलं आहे. पावसात काय होईल ते मला सांगता येत नाही. दिलंत तर उकळून प्यायला सांगा."

"उकळून पेसाल का?" तुळजाबाईनं विचारलं.

"हो ना मावशी."

"खरंच?"

"हो म्हनलं ना! उकळू."

तिला माहीत होतं, जळणाचे हाल होते. इतक्या उन्हात कोण गुंडभर पाणी उकळणार आणि निवेपर्यंत वाट बघणार? काही उकळतील, काही नाही. कोण उकळेल ते तिच्या दारातून दिसणार नव्हतं. नाही म्हणावं तर नळ कोरडा होता, घरात तहानलेली माणसं होती. हो म्हणावं तर... ती कठड्याजवळ गेली. आत वाकून बघितलं. पाणी खाली स्वच्छ, स्थिर होतं, त्यात आभाळाचा तुकडा होता आणि तिचं स्वतःचं डोकं.

"मावशी?"

तिनं दोर हातात घेतला, पण दिला नाही. "थांबा जराशा," ती म्हणाली. आत गेली, चुलीवरचं मोठं पातेलं बाहेर आणलं, अंगणात विटा मांडल्या आणि सरपण पेटवलं. मागाच्या मोडक्या लाकडाचे तुकडेही त्यात घातले. मग स्वतः बालटी सोडली, पातेलं भरलं आणि बायांना सावलीत बसायला सांगितलं.

"अवो मावशी, एवढ्या उन्हात?" रंगाऱ्याची बायको म्हणाली. "कवा होईन हे?"

"होईन तवा होईन. बसा."

एक जण कंटाळून रिकामा गुंड घेऊन निघून गेली. बाकीच्या बसल्या. प्रेमिला आतून सूप घेऊन आली आणि चुलीला वारा घालू लागली. पलीकडून चंपतरावांनी भिंतीवरून डोकं काढून विचारलं, "वहिनी, लग्न हाय का घरी? बह्याडावल्या का येड्यावानी?"

"तुमीबी गुंड आना," तुळजाबाई म्हणाली.

पाण्याला उकळी आली. ती किती वेळ येऊ द्यायची, हे चारुशीलानं सांगितलं होतं. पण ते बुडबुडे आल्यापासून मोजायचं की पाणी खळखळू लागल्यापासून, हे तुळजाबाईला ऐन वेळी आठवेना. म्हणून तिनं पातेलं आणखी जरा वेळ तसंच राहू दिलं आणि जाळ पुढं सारला.